हंग्री बेंडची लॉकमास्तरीण

थर्झा ओब्स्ट चर्चमध्ये बाकांच्या मधून जाताना एक हात किंचित बाजूला धरून चालायची. तिथे कठडा असल्यासारखा. नदीवरच्या लॉकच्या, म्हणजे बोटी चढवायच्या-उतरवायच्या हौदाच्या, दारांवरच्या वीतभर फळीवरून उभं आयुष्य ये-जा केल्यावर माणसाची चाल तशीच होते. मी रंगमंचावर पुष्कळ चाली उचलल्या. राणी चालले, मोलकरीण चालले, झिंगलेला पाद्रीसुद्धा चालले. थर्झाची चाल मात्र मला शेवटपर्यंत जमली नाही. पुढे मी इथल्या गावातच राहिले, तिथे माझ्या अंगणात करून दाखवली की ती चहाचा कप खाली ठेवून म्हणायची, “डल्सी, तू पडशील गं. आणि पाणी तर कुठेच नाही.”

ती आणि लॉक एका वयाची. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मरे नदीच्या या वळणाला हंग्री बेंड, म्हणजे भुकेलं वळण, हे नाव लॉकच्या आधीच पडलं होतं. तेव्हा उन्हाळा धरला की नदी आटायची, आणि आगबोटी वळणावरच्या वाळूत रुतून बसायच्या, पुढचं पाणी येईपर्यंत. एक बोट म्हणे पिठाची पोती घेऊन वर निघाली आणि इथेच बसली. आधी खलाशांनी खाल्लं, मग काठावरच्या लोकांनी, आणि पाणी आलं तेव्हा बोट एवढी हलकी झाली होती की भर्रकन निघून गेली, पण वर न्यायला काही उरलंच नव्हतं. सरकारला कुणी विचारलं असेल की लॉक कशाला बांधता, तर एवढं उत्तर पुरे होतं.

बांधायला वर्षं गेली. नदीत लाकडी खांबांचा कोट ठोकायचा, आतलं पाणी वाफेच्या पंपांनी उपसायचं, आणि उघड्या पडलेल्या तळावर उतरून काँक्रीट ओतायचं. पंप थांबले तर खालची माणसं संपली. थर्झाचा बाप त्या पंपांवर होता. काठावर किंतानाच्या आणि कॅनव्हासच्या झोपड्यांचं गाव उभं राहिलं, त्यातल्याच एका झोपडीत ही जन्मली. तिची आई सांगायची, पंप धडधडत असले की पोर गाढ झोपायची, आणि तेल घालायला जरा थांबवले की किंचाळून उठायची. मग तिचा बाप पंपावरून ओरडायचा, “झोपव तिला, मुकादमापेक्षा कडक आहे ती!”

काम संपलं. किंतानाचं गाव सोडून, गुंडाळून, पडावांवर लादून लोक वरच्या लॉकवर गेले. थर्झाचा बाप मात्र नव्या लॉकवर नोकरीला राहिला, आणि पुढे थर्झाचं लग्न झालं ते तिथल्याच विल्फ ओब्स्टशी. तो शांत माणूस, काम चोख. बाप गेल्यावर विल्फ लॉकमास्तर झाला आणि काठावरचं लाल छपराचं सरकारी घर त्यांचं झालं. लॉकचं घर लॉकमास्तरचं. काम गेलं की घर गेलं.

काम सांगायला सोपं. वरून बोट आली की तिला भरलेल्या हौदात घ्यायची, मागची दारं लावायची, खालच्या झडपा उघडायच्या. पाणी उतरतं, बोट उतरते. मग खालची दारं उघडायची, आणि जा बाई सुखाने. वर जाणारीला हेच उलट. सगळं हातांनी, लोखंडी दांड्याला छाती लावून गोल गोल फिरत.

पण या सोप्या कामाभोवती नदीवरच्या माणसांनी एक रीत उभी केली होती, आणि आम्हा नाटकवाल्यांना तिसऱ्या घंटेचं जे असतं ते त्यांना त्या रीतीचं होतं. वळणापलीकडून कॅप्टन भोंगा द्यायचा. एक लांब, दोन आखूड. म्हणजे, मी येतोय, माझी बोट तुझ्या हाती. लॉकमास्तरने दारावर उभं राहून उजवा हात सरळ वर करायचा. म्हणजे, घेतली. आणि एकदा हौदाची दारं लागली की बोटीवर हुकूम लॉकमास्तरचा. कॅप्टन कितीही मोठा असो, त्याने सुकाणूपाशी तोंड मिटून उभं राहायचं.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली, विल्फ न्यू गिनीला लढायला गेला. जाताना त्याने वरिष्ठांना एवढंच सांगितलं, “हे लॉक माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं. मी नुसता पगार घेत होतो.” पुरुष मिळतच नव्हते, म्हणून कचेरीतल्या साहेबाने थर्झाला तात्पुरतं नेमलं. तोच साहेब येऊन बांधावर उभा राहून म्हणाला, “मिसेस ओब्स्ट, बोटवाल्यांची तक्रार नसली तर माझीही नाही. उन्हाळा संपताना मी येईन. तोवर त्यांनी तुम्हाला लॉकमास्तर मानलं तर बरं. नाही तर शहरातून माणूस आणावा लागेल, आणि त्याला घर लागेल.”

बोटवाल्यांची तक्रार म्हणजे कॅप्टन पेंगिलीची तक्रार. बाकीचे कॅप्टन त्याच्याकडे बघून वागायचे. पांढरी दाढी, लाल नाक, नदीवर जन्म काढलेला, आणि ‘हिल्डा मे’ ही त्याची आगबोट त्याच्याइतकीच म्हातारी आणि त्याच्याइतकीच आवाजाची. तो थर्झाला भोंगा देईना. लॉकच्या वरच्या बाजूला बोट गुपचूप बांधायचा आणि आपला खलाशी मोरी याला चालत पाठवायचा.

मोरी यायचा, थर्झाच्या अंगावरून पुढे बघायचा, आणि तिच्या हाताखालच्या म्हाताऱ्या क्लेमला विचारायचा, “लॉकवर कोणी आहे का?”

क्लेमला ठार ऐकू येत नसे. “काय?”

“कोणी पुरुष आहे का?”

“कुठे आग आहे?”

शेवटी थर्झाच म्हणायची, “क्लेम, बोट आलीये रे.” आणि दांड्याला छाती लावायची. सुकाणूपाशी पेंगिली दाढी वर करून ढगांकडे बघत असायचा. एकदा गावातल्या दारूच्या दुकानात तो सगळ्यांदेखत म्हणाला, “भोंगा लॉकमास्तरला द्यायचा असतो. कपडे वाळत घालणाऱ्या बाईला नाही.” दुसऱ्या दिवशी थर्झाने लॉकच्या कठड्यावर दोरी बांधली, विल्फच्या सगळ्या विजारी ओळीने वाळत घातल्या, आणि ‘हिल्डा मे’ खाली उतरेपर्यंत त्या काढल्या नाहीत. गाव हसलं. पण मागून आलेल्या दोन बोटींच्या कॅप्टनांनीही भोंगा देणं बंद केलं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं.

अशा वेळी आमची कंपनी ‘हिल्डा मे’वर बसून खाली आली. पेट्रोलचं रेशन होतं, ट्रक मिळत नव्हते, म्हणून नदीकाठच्या गावांत लढाईच्या मदतीसाठी खेळ करायचे तर आगबोटीनेच. आम्ही पाच-सहाजण, पडद्यांच्या गुंडाळ्या, कपड्यांच्या पेट्या, आणि डेकवर ताडपत्रीखाली पियानो. मी तेव्हा गायचे आणि गाता गाता मुद्दाम पडायचे. पडण्यावर टाळी मिळे.

आमच्यात सिरिल हॅकेट होता, पडदे ओढणारा. हा माणूस नाट्यगृहाच्या माळ्यावर म्हातारा झाला होता. त्याच्या हातून डोक्यावर पडदा पडलेला कुणी पाहिला नव्हता. दोर हातात धरून उभं राहणाऱ्यांची त्याला चीड होती. “हातातला दोर म्हणजे कुणाचं तरी फुटलेलं कपाळ,” असं तो म्हणायचा. “बांधायचा, दोनदा बांधायचा, आणि विसरून जायचं.”

बोटीवर एक खलाशी कमी होता. तो लढाईवर गेलेला. पेंगिलीने सिरिलला पाहिलं, त्याचे हात पाहिले आणि म्हणाला, “तू दोरवाला ना? लॉकमध्ये मागचा दोर तू घे. पुढचा मोरीकडे. आणि सगळ्यांनी ऐका, या बोटीवर हुकूम माझा. वर उभी राहून एक बाई काय काय ओरडेल, त्याकडे कान द्यायचं कारण नाही.”

दुपारचं कडक ऊन होतं. भोंगा नाहीच. मोरी चालत गेला, “कोणी पुरुष आहे का?” झालं, क्लेमने “काय?” म्हटलं, आणि वरची दारं उघडली. आम्ही भरलेल्या हौदात शिरलो. तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. उंच, हाडापेराने मजबूत, डोक्याला रुमाल, बाह्या कोपरावर, दाराच्या अरुंद फळीवरून चालत येणारी. मला वाटलं, हिला प्रवेश घेता येतो.

मागची दारं लागली. तिने भिंतीवरच्या मागच्या खुंट्यापाशी वाकून सिरिलला सांगितलं, “एकच वेढा घ्या, आणि दोराचं शेपूट हातात ठेवा. पाणी उतरेल तसा दोर सोडत जा. गाठ मारू नका हं.”

सिरिलने सुकाणूच्या खोलीकडे पाहिलं. पेंगिली ढगांकडे बघत होता. सिरिलने मान डोलावली, थर्झा पुढे झडपांकडे गेली, आणि त्याने जन्मभर केलं तेच केलं. खुंट्याला दोर बांधला, दोनदा बांधला, आणि पियानोची ताडपत्री नीट करायला निघून गेला.

पाणी उतरू लागलं. हौदाच्या भिंती दोन्ही बाजूंनी वर चढायला लागल्या, ओल्या, गार, शेवाळलेल्या. मी मान वर करून ती मजा बघत होते. मग मला जाणवलं की आपण पुढच्या बाजूला झुकतोय. पुढची बाजू उतरत होती, मागची उतरत नव्हती. मागचा दोर व्हायोलिनच्या तारेसारखा ताणला होता आणि त्यातून बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता. एक पेटी घसरली. पियानो ताडपत्रीसकट हलला, डेकवरून सरकत गेला आणि कठड्यावर आदळला, आतून त्याच्या सगळ्या तारा एकदम ओरडल्या. खाली भट्टीजवळ कुणीतरी शिवी हासडली. निखारे बाहेर सांडले होते.

“मोरी!” पेंगिली गरजला. “कुऱ्हाड घे! तोड तो दोर!”

मोरी कुऱ्हाड घेऊन धावला. त्याने ती वर उचलली, तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला. मी मोठमोठ्या नटांचे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाताना ऐकलेत. हा पोचला तसा एकही पोचला नव्हता.

“कुऱ्हाड खाली!”

थर्झा भिंतीच्या कडेला उभी होती. “तोडलास तर दोराचं टोक तुझं डोकं घेऊन जाईल, मोरी. आणि बोट वरून आपटेल. जुना तळ आहे, फुटेल. खाली ठेव ती.”

“तोड म्हणतोय ना!” पेंगिली ओरडला.

मोरी कुऱ्हाड वर धरून उभा. एकदा भिंतीकडे बघतोय, एकदा सुकाणूकडे. बोट आणखी झुकली. थर्झाने त्याच्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. खालच्या झडपांपाशी क्लेम होता. त्याला हाक मारून उपयोग नव्हता. तिने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली केली. क्लेमने ती फुली पाहिली आणि म्हातारा माणूस असा वाकला त्या चाकावर की बस. पाणी उतरायचं थांबलं. पण बोट लटकलेलीच होती, आणि तो दोर कण्हतच होता.

मग ती धावली. वरच्या दारांकडे, त्या वीतभर फळीवरून, पळत. वरची झडप तिने थोडीशीच उघडली. भसकन पाणी सोडलं असतं तर आम्ही भिंतीवर आपटलो असतो. ती एका हाताने चाक धरून आमच्याकडे बघत होती आणि पाणी इंचाइंचाने वर येत होतं. मोरीची कुऱ्हाड अजून वरच होती.

“कॅप्टन,” तो रडवेल्या आवाजात म्हणाला, “तोडू की नको? काहीतरी एक सांगा!”

पेंगिलीने बंद दारांकडे पाहिलं. वरच्या आणि खालच्याही. नंतर तो ज्या आवाजात बोलला तो मला ऐकू आला कारण मी अगदी जवळ होते.

“दारं लागली आहेत, मोरी. माझ्याकडे काय बघतोस? लॉकमास्तर काय म्हणते ते ऐक.”

कुऱ्हाड खाली आली. पाणी वर आलं, दोर सैल पडला, ‘हिल्डा मे’ने एक मोठा उसासा टाकला आणि सरळ झाली. थर्झा चालत आली, सिरिलची ती गाठ तिने दोन क्षण न्याहाळली आणि म्हणाली, “सुरेख बांधलीये. पुन्हा बांधू नका.” सिरिल पांढराफटक पडला होता. तिने स्वतः एक वेढा घेऊन शेपूट त्याच्या हातात दिलं, आणि या वेळी तो ते मगरीचं शेपूट असल्यासारखं धरून उभा राहिला.

आम्ही नीट उतरलो. खालची दारं उघडली. बोट बाहेर पडून वळणामागे गेली.

मी मात्र बोटीवर नव्हते. हौद उतरताच मी भिंतीच्या शिडीवरून वर चढले होते, म्हटलं, गावापर्यंत चालतच जाईन. थर्झाने मला लाल छपराच्या घराच्या ओसरीवर बसवलं, चहा दिला, जर्मन केकचा तुकडा दिला. स्वतः बसली नाही. पडद्यांकडे बघत होती, कपाटाकडे बघत होती.

“छान घर आहे,” मी म्हणाले.

“हो ना,” ती म्हणाली. “आवरायला घ्यायला हवं.”

“आवरायला? कशासाठी?”

“माझ्या हौदात बोट लटकली. आज पेंगिली धक्क्यावर सांगेल, उद्या कचेरीत कळेल. तक्रारीला आणखी काय लागतं?”

“पण तुम्हीच तर वाचवली!”

“लॉकमास्तरने बोट वाचवायची नसते, मिस. बोट लटकूच द्यायची नसते.” मग ती पहिल्यांदा खुर्चीत बसली. “मी त्या गाठीकडे मागे वळून बघायला हवं होतं. ही विल्फची खुर्ची. ही नेता येईल. बाकी सगळं सरकारी.”

क्लेम पायरीवर बसून केक खात होता.

आणि भोंगा झाला.

खालच्या बाजूने. एक लांब. एवढा लांब, की नदीपलीकडच्या निलगिरीच्या झाडांवरून पांढरे काकाकुवे ढगासारखे उठले आणि आरडाओरडा करत फिरायला लागले. मग आखूड. मग पुन्हा आखूड.

क्लेमने तोंडातला घास थांबवला. “हा तर मलासुद्धा ऐकू आला,” तो म्हणाला.

थर्झा उभी राहिली. ओसरीवरून उतरली. पळाली नाही. डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला, दारावरच्या फळीवर गेली, मधोमध उभी राहिली. वळणावरून ‘हिल्डा मे’ वर येत होती, दोन्ही बाजूंची चाकं पाणी उडवत होती, डेकवर आमची सगळी मंडळी तोंडं उघडी टाकून उभी. पेंगिली सुकाणूपाशी, टोपी छातीशी. थर्झाने उजवा हात सरळ वर केला. दाढी वर करून ढगांकडे बघणारा माणूस त्या हाताकडे बघत होता.

बोट हौदात शिरली. त्याने मान बाहेर काढली.

“वर जायचंय, लॉकमास्तर.”

“आत्ताच तर खाली गेलात, कॅप्टन.”

“मघाशी नीट आलो नव्हतो.”

“वर काय काम आहे?”

“काही नाही.”

“मग?”

“मग वरून पुन्हा खाली जायचंय.”

थर्झाने दारं लावली. ओठ आवळून धरले होते तिने, पण माझी जागा अगदी पहिल्या रांगेतली होती, मला सगळं दिसत होतं. आमच्या धंद्यात प्रवेश चुकला तर चुकला. पाचशे माणसांसमोर विंगेत परत जाऊन तो पुन्हा घेणारा नट मी पाहिला नाही. या म्हाताऱ्याने तो घेतला, सरपण जाळून, सबंध बोटीसकट.

तोवर गाव जमलं होतं. धक्क्यावर आमची वाट बघत बसलेली माणसं भोंगा ऐकून काठाने धावत आली होती. बायका, पोरं, दारूच्या दुकानाचा मालक, हातात खेळाची तिकिटं. ‘हिल्डा मे’ वर गेली. वर जाऊन तिने पुन्हा भोंगा दिला, एक लांब, दोन आखूड, आणि थर्झाचा हात पुन्हा वर गेला, आणि या वेळी सबंध काठ ओरडला. पुन्हा आत, पुन्हा दारं, पुन्हा खाली. हौद उतरला तेव्हा मी शिडीने बोटीवर गेले, ताडपत्री ओढून काढली आणि आमच्या पियानोवाल्याला म्हटलं, “वाजतो का बघ.” काही पट्ट्या मेल्या होत्या. बाकीच्या वाजल्या.

खालची दारं उघडायची घाई कुणालाच नव्हती. आम्ही हौदाच्या तळाशी, प्रेक्षक वर भिंतींच्या कडेला पाय सोडून बसलेले, आणि मध्ये नुसता आवाज. काय आवाज होता तो! त्या ओल्या भिंतींनी माझा सूर उचलून वर दिला आणि परत मला आणून दिला, दुप्पट करून. पुढे मी मोठ्या शहरांत गायले, मखमली पडद्यांसमोर गायले. तसा सूर पुन्हा लागला नाही. मी पडलेसुद्धा, सवयीने, आणि वरून थर्झा ओरडली, “सांभाळा हं, इथे पाणी आहे!” तिला माझ्यापेक्षा मोठी टाळी पडली. मी मनापासून दिली.

उन्हाळा संपताना साहेब आला. पेंगिली मुद्दाम धक्क्यावर थांबला होता. साहेबाने विचारलं, तक्रार आहे का. “आहे,” पेंगिली म्हणाला. “लॉकवर केक मिळतो, त्यामुळे माझी माणसं बोटीवर परत येत नाहीत.” साहेब हसला, केक खाऊन गेला, आणि शहरातला माणूस शहरातच राहिला.

मग लढाई संपली. विल्फ घरी आला तो ‘हिल्डा मे’वरूनच. मीही तेव्हा बोटीवर होते, कारण नाटकातून सवड मिळाली की मला दुसरीकडे कुठे जावंसंच वाटत नसे. वाळलेला, पिवळा पडलेला, तापाने पोखरलेला माणूस, पुढच्या टोकाला पेटीवर बसून वळणाची वाट बघत होता. वळण आलं. पेंगिलीने भोंगा दिला. विल्फ इतकी वर्षं लॉकमास्तर होता. त्याने नकळत उजवा हात उचलला.

“हात खाली घे,” पेंगिली वरून म्हणाला. “तुझ्यासाठी नव्हता तो.”

विल्फने हात खाली घेतला आणि पुढे बघितलं. दारावर, मधोमध, थर्झाचा हात वर होता. तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो क्लेमशेजारी दांड्याला छाती लावून उभा होता आणि विचारत होता, “काय करायचं, लॉकमास्तर?”

“गोल फिर,” ती म्हणाली. “आणि बोलू नकोस. दारं लागली आहेत.”